साडेतीन हात, दोन डोळे

माणसाला आयुष्यात दोन प्रसंगी श्वास रोखून धरावा लागतो. एक छातीचा एक्स-रे काढताना आणि दुसरा शिंप्याला कमरेचं माप देताना. पहिल्या वेळी निदान 'सोडा आता' असं सांगणारं कोणीतरी असतं. दुसऱ्या वेळी तो आपण आपल्या जबाबदारीवर धरतो आणि पँट शिवून घरी आली, की मग वर्षभर सोडता येत नाही.

हा प्राणायाम मी १९८३ पासून करत आलो आहे. तोही एकाच दुकानात, आमच्या बोळाच्या तोंडाशी, एकाच मास्टरांसमोर. मास्टर गळ्यातली टेप काढतात, मी पोट आत घेतो, मास्टर 'छत्तीस' असं पुकारतात आणि कानावरची पेन्सिल काढून वहीत लिहितात. मध्यंतरी देशात किती सरकारं आली आणि गेली, पण माझी कमर छत्तीसवर अढळ राहिली. या गोष्टीचा मला मनातून अभिमान होता. सौभाग्यवतींना नव्हता. "आरशाला मास्टरांचा पत्ता द्या," असं त्या म्हणत.

तर अशा या स्थिर संसारात गेल्या दिवाळीत माझा भाचा शिरला. हा हिंजवडीत कुठल्याशा कंपनीत कॅमेऱ्यांना बघायला शिकवतो. कॅमेरे आधीपासूनच बघत नव्हते तर काय करत होते, हे मी विचारलं नाही. त्याने एका अॅल्युमिनियमच्या दांडीवर वीतभर अंतराने दोन कॅमेरे बसवलेले होते. ते त्याने आमच्या हॉलमध्ये टीव्हीसमोर ठेवले आणि म्हणाला, "मामा, दोन तास तुझं शरीर पाहिजे."

मला आधी वाटलं, रक्तदान शिबिर आहे.

"टेप न लावता माप घ्यायचं आहे. नुसतं बघून."

"मग तुमच्या ऑफिसातली माणसं काय वाईट आहेत?"

"ती सगळी पंचविशीतली रे. सपाट. प्रोग्रॅमची खरी परीक्षा व्हायची तर जरा अवघड शरीर लागतं."

"मग अगदी योग्य घरी आलास," स्वयंपाकघरातून आवाज आला.

मला एखाद्या गोष्टीची धास्ती वाटली, की मी तिच्याबद्दल वाचत सुटतो. पित्ताशयाच्या ऑपरेशनच्या वेळी मी इतकं वाचलं होतं, की भूल देणाऱ्या डॉक्टरांनी मला इतरांपेक्षा लवकर झोपवलं असा मला संशय आहे. या वेळीही तेच झालं. भाच्याच्या तारा जुळेपर्यंत आणि पुढे कित्येक रात्री मी माणसाच्या मापाचा इतिहास वाचला. त्यातून एवढं कळलं, की श्वास रोखून धरणारा मी पहिला नाही.

आपल्याकडे देह साडेतीन हातांचा. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत, आणि तोही ज्याचा त्याने मोजायचा. यातली सोय लक्षात घ्या. बुटका असो की ताडमाड, प्रत्येक जण आपापल्या हाताने साडेतीनच भरतो, त्यामुळे कोणी कोणाला हिणवायचा प्रश्न नाही. मी दार लावून मोजून पाहिलं, तर पावणेचारांच्या जवळ भरलो. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला रोमन वास्तुकार विट्रुव्हियस मात्र माणसाची उंची चार हात सांगतो. संत साडेतीन म्हणतात, रोमन चार म्हणतात, आणि मी नेहमीप्रमाणे मधल्या मध्ये. आमच्या आजोळी विहीरसुद्धा माणसानेच मोजत. विहीर सहा परस खोल, म्हणजे हात वर करून उभी राहिलेली सहा माणसं एकावर एक. तेव्हा माणूस मोजायला काही लागत नव्हतं, बाकी सगळं मोजायला माणूस लागत होता.

युरोपातले शिंपीसुद्धा इंचाची टेप हाती यायच्या आधी कागदाची किंवा चामड्याची पट्टी गिऱ्हाइकाभोवती फिरवून कातरीने तिला खाच पाडत. एका गिऱ्हाइकाची एक पट्टी, तिच्यावर कमरेची खाच, छातीची खाच, बाहीची खाच. आकडा कुठेच नाही. पोट सुटलं की खाच पुढे सरकायची, बस. किती सभ्य पद्धत! इंच छापलेली टेप एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रुळली आणि माणसाच्या पोटाला पहिल्यांदा आकडा चिकटला.

आकडा आला की त्याच्या मागून सरासरी येतेच. ती आणली बेल्जियमच्या अडॉल्फ केटले या गृहस्थाने. हा मुळातला खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्याची जागा दहा वेळा मोजली तर दहा आकडे येतात आणि खरी जागा त्यांच्या मधोमध असते, हे त्याला ठाऊक. तोच न्याय त्याने माणसांना लावला. ५७३८ स्कॉटिश सैनिकांच्या छातीची मापं घेऊन त्यांची सरासरी काढली, ती जवळजवळ ४० इंच भरली. इथपर्यंत ठीक. पण केटलेचं म्हणणं असं, की ही ४० इंची छाती म्हणजे निसर्गाच्या मनातली छाती, आणि बाकीचे सैनिक म्हणजे निसर्गाच्या हातून झालेल्या चुका. वजनाला उंचीच्या वर्गाने भागायचं सूत्रही त्याचंच. १९७२ मध्ये अॅन्सेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाने त्याचं 'बॉडी मास इंडेक्स' असं बारसं केलं. आमचे डॉक्टर मला दर सहा महिन्यांनी जो आकडा सांगून मान हलवतात, तो मूळचा आकाशातल्या ताऱ्यांच्या नादी लागलेल्या माणसाचा आहे हे समजल्यापासून मला थोडं बरं वाटतं.

या निसर्गाच्या मनातल्या माणसाचा पुढे शोध घेतला अमेरिकेच्या हवाई दलाने. १९५० च्या सुमारास त्यांनी चार हजारांवर वैमानिकांची अंगं मोजली, कारण विमानांत बसायची जागा जुन्या सरासरीने बेतलेली होती आणि विमानं फार पडत होती. गिल्बर्ट डॅनियल्स नावाच्या तरुण लेफ्टनंटने ४०६३ वैमानिकांची दहा मापं घेऊन बसून पाहिलं, की या दहाही बाबतींत सरासरीच्या आसपास असलेले किती? पाच-सातशे तरी निघतील अशी कोणाचीही समजूत होईल. निघाला एकही नाही. कोणाचे हात लांब तर पाय आखूड, कोणाची छाती भरदार तर कमर नाही. सरासरी माणसासाठी बांधलेली बैठक अशी कोणालाच बसत नव्हती. मग मागेपुढे सरकणाऱ्या खुर्च्या आल्या. तयार कपड्यांच्या दुकानात 'मीडियम' घातला की बाहीतून माझी फक्त नखं दिसतात आणि पोटावरचं बटण लागत नाही. हे वाचल्यावर मला त्या ४०६३ जणांबद्दल भावासारखं प्रेम वाटू लागलं.

आता बर्तियाँ. हा माणूस मला सोडवत नाही. आल्फाँस बर्तियाँ, मोठ्या आकडेशास्त्रज्ञाचा मुलगा, पण शाळांतून काढला गेलेला, नोकऱ्यांत न टिकलेला, शेवटी वडिलांच्या ओळखीने १८७९ मध्ये पॅरिसच्या पोलीस कचेरीत कारकून म्हणून चिकटलेला. काम काय, तर पकडलेल्या गुन्हेगारांची वर्णनं उतरवून काढायची. 'मध्यम बांधा, सामान्य चेहरा.' अशी हजारो कार्डं. जुना गुन्हेगार नवं नाव सांगून आला, की त्याला ओळखायचं कसं? बर्तियाँने ठरवलं, की माणूस नाव बदलेल, दाढी वाढवेल, पण हाडं बदलणार नाही. डोक्याची लांबी, डोक्याची रुंदी, डाव्या हाताचं मधलं बोट, डावा पाय, उजवा कान, अशी अकरा मापं घ्यायची आणि कार्डं त्या क्रमाने लावायची. वरिष्ठ हसले. (वरिष्ठांचं ते कामच असतं. मी पस्तीस वर्षं नोकरी केली आहे.) मग १८८३ मध्ये त्याने पहिला सराईत चोर नुसत्या मापांवरून पकडून दाखवला आणि १८८४ या एका वर्षात २४१ ओळखले. एका कारकुनाने नीट कार्डं लावली म्हणून जग हललं, ही हकीकत प्रत्येक कचेरीत फ्रेम करून लावावी अशी आहे.

पण या पद्धतीत एक माशी शिंकली. कान तोच, बोट तेच, पण मोजणारा हात बदलला की आकडा बदलतो. एक शिपाई चाप घट्ट दाबतो, दुसरा सैल धरतो. कोलकात्याला एडवर्ड हेन्री या पोलीस अधिकाऱ्याने ही मापं बंगालात लागू केली आणि याच दुखण्याने तो हैराण झाला. शेवटी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्या दोन माणसांच्या मदतीने त्याने बोटांच्या ठशांची पद्धत बसवली. १८९७ मध्ये कोलकात्याला ठशांची कचेरी निघाली आणि बर्तियाँची टोपी हळूहळू उतरली. दुखणं मात्र तसंच राहिलं: माप घेणाऱ्याचा हात मापात शिरतो. तो हात काढून टाकायचा, एवढ्यासाठी माझ्या भाच्याचे दोन कॅमेरे.

"बनियन आणि अर्धी चड्डी," भाच्याने हुकूम सोडला.

मी उभा राहिलो. हात अंगापासून थोडे लांब, पाय थोडे फाकलेले. या पवित्र्यात माणूस एकतर झडती देतो किंवा गोळी खातो. क्लिक झालं. भाच्याने पडदा माझ्याकडे वळवला. पडद्यावर हजारो ठिपक्यांचा एक पिशाच्चासारखा माणूस उभा होता. डोकं होतं, दंड होते, गुडघे तर फारच हुबेहूब. आणि खांद्यापासून कमरेपर्यंत काहीच नव्हतं. भलं मोठं भोक.

"मी कुठे आहे?"

"बनियनमुळे रे. पांढरंशुभ्र आहे ना."

यातली गोम सांगायची तर आपल्याला जरा मागे जायला हवं. नाकासमोर एक बोट धरा. आधी उजवा डोळा मिटून बघा, मग डावा. बोट जागचं हललेलं दिसेल. बोट जवळ असेल तर जास्त हलेल, लांब असेल तर कमी. दोन डोळ्यांमध्ये सुमारे साडेसहा सेंटिमीटर अंतर, त्यामुळे दोघांना जग थोडं वेगवेगळं दिसतं, आणि त्या फरकावरून वस्तू किती लांब आहे हे मेंदू ताडतो. हे माणूस आदिमानवापासून करत आलेला आहे. पण यातच खोलीचं रहस्य आहे, हे प्रयोग करून दाखवायला १८३८ साल उजाडावं लागलं. दाखवलं लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टनने. कॉलेजात प्रयोगवहीत 'व्हीटस्टन ब्रिज' काढून हात दुखलेल्यांना हे नाव आठवेल. तो ब्रिज मुळात दुसऱ्याच माणसाचा, क्रिस्टीचा, १८३३ मधला, व्हीटस्टनने फक्त तो लोकांच्या गळी उतरवला. पण स्टिरिओस्कोप अस्सल त्याचा. दोन आरसे, दोन्ही बाजूंना एकाच वस्तूची दोन किंचित वेगळी चित्रं, मध्ये नाक घालायचं, की रेषांमधून घन वस्तू उठून उभी. चित्रं हाताने काढलेली होती, कारण फोटोग्राफीची घोषणा व्हायला अजून एक वर्ष होतं! पुढे डेव्हिड ब्रूस्टरने भिंगं घालून त्याची आटोपशीर पेटी केली, ती १८५१ च्या लंडनच्या प्रदर्शनात राणी व्हिक्टोरियाच्या मनात भरली, आणि मग घरोघरी दिवाणखान्यात बसून लोक पिरॅमिड बघू लागले. आमच्या लहानपणी ज्या श्रीमंत मित्राकडे व्ह्यू-मास्टर असे, त्याच्याशी आम्ही कधी भांडत नसू. ते याच पेटीचं नातवंड.

आता कॅमेऱ्यांचं. दोन फोटोंत एकच बिंदू सापडला, तर तो किती सरकला ते मोजायचं आणि त्रिकोणाचं गणित करायचं. सोपं आहे. पण डाव्या फोटोतला हा बिंदू उजव्या फोटोत नेमका कोणता, हे ठरवायचं कसं? माझ्या गुडघ्यावर एक जुना व्रण आहे, तो दोन्हींत सापडला. पांढऱ्या बनियनवर काय सापडणार? इकडेही पांढरं, तिकडेही पांढरं. कॅमेरा गोंधळला आणि त्याने माझी छातीच रद्द केली.

मग मी चौकड्यांची लुंगी अंगावर घेतली. ते आणखी वाईट झालं. सगळे चौकोन सारखे, तेव्हा कॅमेऱ्याने डावीकडचा तिसरा चौकोन उजवीकडच्या चौथ्याशी जुळवला आणि पडद्यावर माझं पोट कपाटाच्या दिशेने दीड फूट पुढे आलं. सौभाग्यवती पदराला हात पुसत बाहेर आल्या, पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "हा कॅमेरा बरोबर आहे."

शेवटी भाच्याने एक छोटा प्रोजेक्टर काढून माझ्यावर वेडेवाकडे ठिपके पाडले. ठिपक्यांत काही क्रम नाही, कुठलाही कोपरा दुसऱ्यासारखा नाही, त्यामुळे चूक व्हायला वाव नाही. गोवर उठलेल्या माणसासारखा मी उभा राहिलो आणि पडद्यावर पहिल्यांदा सबंध उमटलो. जपानमधल्या झोझो या कंपनीने हीच युक्ती केली होती. २०१८ मध्ये त्यांनी शेकडो पांढऱ्या ठिपक्यांचा काळा अंगाबरोबरचा पोशाख गिऱ्हाइकांना वाटला. तो घालायचा, फोन समोर ठेवायचा आणि घड्याळाच्या काट्यासारखं बारा वेळा थांबत स्वतःभोवती फिरायचं. आणि २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट आला, टीव्हीखाली ठेवायचा, तो तर खोलीभर डोळ्यांना न दिसणाऱ्या ठिपक्यांचा सडा टाकायचा. मुलांच्या खेळासाठी केलेली वस्तू, पण माणसं मोजणाऱ्या संशोधकांनी ती पळवली.

फोटोवरून मोजायची कल्पना मात्र फार जुनी, आणि तिच्या मुळाशी एका माणसाचा तोल जाणं आहे. १८५८ साली आल्ब्रेख्त मायडेनबाउअर हा जर्मन तरुण वेट्झलारच्या कॅथीड्रलची मापं घेत होता. परातीचा खर्च वाचावा म्हणून त्याला दोरांना टांगलेल्या पेटीत बसवलं होतं. (खर्च वाचवायची ही कल्पना पेटीत न बसणाऱ्या माणसाची असणार.) एका संध्याकाळी पेटीतून मनोऱ्याच्या खिडकीत पाय टाकताना पेटी सरकली आणि हा अधांतरी. एका हाताने कमान पकडली, पायाने पेटी लाथाडली आणि कसाबसा आत पडला. तिथे धापा टाकत असताना त्याच्या मनात आलं, की फोटोत हे सगळं कॅथीड्रल उतरतंच आहे, मग जमिनीवर बसून फोटोच का मोजू नये? त्याच विद्येला त्याने १८६७ मध्ये 'फोटोग्रामेट्री' हे नाव दिलं आणि १८८५ मध्ये बर्लिनला इमारतींची अशी मापचित्रं जमवणारी सरकारी कचेरीच काढली. त्याच सुमाराला, म्हणजे १८६० च्या आसपास, पॅरिसमध्ये फ्रांस्वा विलेम हा शिल्पकार माणसाला गोल खोलीत मधोमध उभा करून भोवतीच्या २४ कॅमेऱ्यांनी एकदम टिपत असे आणि त्या चोवीस आकृत्यांवरून शाडूसारख्या मातीत त्याचा पुतळा कोरत असे. धंदा काही वर्षांतच बुडाला. फार लवकर जन्मलेल्या माणसांचं असंच होतं.

दोन फोटो एकत्र बघून नेमकं माप घेणारं यंत्र १९०१ मध्ये येना इथल्या झाइस कारखान्यातल्या कार्ल पुल्फ्रिखने केलं. आयुष्यभर दोन डोळ्यांच्या दृष्टीवर काम केलेला हा माणूस, आणि पुढे त्याचा एक डोळा गेला. १९२२ मध्ये त्याने लिहिलं, की एका डोळ्यासमोर काळी काच धरून सरळ रेषेत झुलणारा लंबक बघितला, तर तो गोल फिरताना दिसतो. आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. त्याला स्वतःला तो कधीच दिसला नाही. दोन डोळे असलेल्या लोकांनी बघितला आणि त्याने का दिसतो ते समजावून सांगितलं.

मग विमानं आली, युद्धं आली, नकाशे आले, आणि नकाशावाल्यांची यंत्रं फिरून माणसाच्या अंगावर आली. १९५७ मध्ये अमेरिकन हवाई दलाच्या लोकांनी माणसाचे असे जोडफोटो काढून त्याच्या अंगाचा नकाशा कसा काढता येतो ते दाखवलं. शाळेत सह्याद्रीला काढायचो तशाच समोच्च रेषा. या शास्त्राने माझं पोट काढलं असतं तर ते थंड हवेचं ठिकाण म्हणून शोभलं असतं. स्कायलॅबच्या अंतराळवीरांनाही १९७३-७४ मध्ये उड्डाणाआधी आणि परतल्यावर असंच टिपलं, तर पाय बारीक होऊन आलेले दिसले. स्कायलॅब म्हटल्यावर आमच्या पिढीला दुसरंच आठवतं. १९७९ च्या जुलैत ते आपल्याच डोक्यावर पडणार म्हणून अर्धी आळी हवालदिल होती. आमच्या शेजाऱ्यांनी वाण्याची उधारी 'पडल्यावर बघू' म्हणून थांबवली होती. ते पडलं हिंदी महासागरात आणि ऑस्ट्रेलियात, आणि वाणी दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात.

आपल्या सरकारलाही ही गरज पटली आहे. आपल्याकडे तयार कपडे विकले जातात ते परदेशी मापांच्या अदमासाने. म्हणून निफ्ट आणि वस्त्रोद्योग मंत्रालयाने 'इंडियासाइझ' हा प्रकल्प २०१८ मध्ये जाहीर केला. मुंबई, दिल्ली, कोलकाता, बंगळूर, हैदराबाद आणि शिलाँग या सहा शहरांतली १५ ते ६५ वयाची २५ हजार माणसं यंत्रांनी मोजायची. मी सदुसष्टचा. पासष्टीनंतर माणसाला आकार राहत नाही असं सरकारचं मत दिसतं.

"कमर एकशे दोन सेंटिमीटर," भाचा म्हणाला.

म्हणजे चाळीस इंच. मी सभ्यपणे त्याला सांगितलं, की तुझं यंत्र चुकतंय. गेली कित्येक वर्षं माझी कमर छत्तीस आहे, वहीत लिहिलेलं आहे. त्याने कबूल केलं, की चूक होऊ शकते. दोन मीटरवर उभं राहिल्यावर जुळणीत एका ठिपक्याची गफलत म्हणजे सुमारे दोन सेंटिमीटर, आणि अंतर दुप्पट केलं की चूक चौपट. शिवाय माणूस श्वास घेतो, डुलतो, पोट आत ओढतो.

"तू पोट ओढलं होतंस ना?"

"थोडंसं."

"मग एकशे दोनच्या वर असेल."

मी विषय बदलला. भाचा पडद्यावर माझं पिशाच्च गरागरा फिरवत होता. एकदम थांबला.

"मामा, तुझा डावा खांदा खाली आहे. एकोणीस मिलिमीटर."

"कॅमेरा तिरका असेल."

त्याने दांडीवर पाणसळ ठेवली. सरळ होती. बुद्धिबळाच्या पटासारखं एक पुठ्ठ्याचं चौकडं दोन्ही कॅमेऱ्यांसमोर नाचवून त्याने सगळं पुन्हा जुळवून घेतलं. पुन्हा तीनदा फोटो काढले. अठरा, वीस, एकोणीस.

कमरेचं मी समजू शकतो. पण खांदा? सदुसष्ट वर्षं मी हे दोन खांदे घेऊन हिंडतोय. लग्नाच्या फोटोत सरळ, निवृत्तीच्या समारंभात सरळ. लहानपणी कवायतीचे मास्तर, मग आई, मग बायको, एवढ्या चिकित्सक नजरांपैकी एकीच्याही लक्षात येऊ नये? सौभाग्यवतींनी मला पाठमोरा उभा करून पाहिलं. काही बोलल्या नाहीत. आमच्या घरात हे वाईट लक्षण समजतात.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी मास्टरांकडे गेलो. भाच्याचं लग्न पुढच्या महिन्यात होतं आणि मला बंदगळा शिवायचा होता, तेव्हा निमित्त होतंच. दुकान आता अर्धं उरलं आहे. पुढच्या अर्ध्यात मोबाइलची कव्हरं मिळतात. मास्टरांचा उजवा डोळा काचबिंदूने गेला, तो आता चार वर्षांचा हिशेब. तरी सुईत दोरा स्वतःच ओवतात. मला पुल्फ्रिख आठवला, पण तो मास्टरांना सांगायला फार वेळ लागला असता.

मी भाच्याने छापून दिलेला कागद समोर ठेवला. मास्टरांनी तो डाव्या डोळ्याजवळ धरला.

"एकोणीस म्हणजे किती?"

"पाऊण इंच."

"बरोबर आहे मग," मास्टर म्हणाले आणि कागद परत दिला.

"बरोबर आहे म्हणजे?"

ते उठले. फळीवरच्या कापडाच्या गठ्ठ्यामागून त्यांनी लाल कापडी बांधणीच्या वह्या काढल्या, बोटाला थुंकी लावत पानं उलटली आणि एक पान माझ्यासमोर केलं. १९८३. माझं आडनाव. छाती चौतीस, कमर अठ्ठावीस, बाही, गळा, मुंढा. आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात: डा. खां. पाऊण.

"तुम्ही कधी बोलला नाहीत, मास्टर?"

"तुम्ही लग्नाचा कोट शिवायला आला होतात, साहेब. लग्नाच्या तोंडावर माणसाला काय सांगायचं, तुमचा खांदा उतरलाय म्हणून? डावीकडे थोडं जास्त पॅड घातलं. वहिनींकडच्या लोकांना दिसलं का?"

"मग नंतर तरी."

"नंतर सवयच झाली. शर्टाला पॅड चालत नाही, म्हणून डाव्या खांद्याची शिवण पाऊण इंच उतरती कापतो. कॉलर मग सरळ बसते. तुमचं कापड अंगावर घेतलं की कातर आपोआप तशी जाते."

मी वही पुढे चाळली. १९९१, १९९८, २००६. प्रत्येक पानावर कोपऱ्यात 'डा. खां. पाऊण'. कमर मात्र अठ्ठावीस, एकतीस, चौतीस, सदतीस, एकोणचाळीस. छत्तीस कुठेच नव्हते.

"मास्टर, तुम्ही तर छत्तीस म्हणायचात!"

"म्हणायचो," मास्टर शांतपणे म्हणाले. "ते तुमच्यासाठी. हे पँटसाठी. शिवाय मागच्या शिवणीत दोन इंच माया असते. तुमच्या प्रत्येक पँटची मी एकदा तरी सोडली आहे. वहिनी आणून द्यायच्या."

हे मला नवीन होतं. पँटी धुऊन सैल होतात अशी माझी समजूत होती.

बंदगळ्याचं कापड त्यांनी बोटांनी चाचपलं, उजेडाकडे धरलं, चांगलं आहे म्हणाले. हा एवढा झाला, की दुकान मोबाइलवाल्याला द्यायचं म्हणतात. मुलगा बंगळूरला आहे, त्याला यात रस नाही. वह्यांचं काय करणार, असं मी विचारलं. रद्दीवाला लाल पुठ्ठ्याचे पैसे देत नाही, असं म्हणाले. माझी पानं मी मागितली. त्यांनी पट्टी लावून, एकही टाका न उसवता, ती कापून दिली. एकंदर अकरा होती.

मग त्यांनी गळ्यातली टेप काढली. मी सवयीने पोट आत घेतलं. टेप कमरेभोवती आली, त्यांचा अंगठा आकड्यावर थांबला.

"छत्तीस," मास्टर म्हणाले. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, वहीवर वाकले आणि लिहिता लिहिता म्हणाले, "सोडा आता, साहेब."